माहीमच्या दोन मराठी नोंदी

दमणगंगा आमच्या सिल्वासाजवळून वाहत जाऊन दमणापाशी समुद्राला मिळते. ह्या दमणापासून मुंबईच्या वाळकेश्वरापर्यंतच्या किनाऱ्याची जुनी मराठी कथा ज्या ग्रंथात आली आहे, तो ग्रंथ म्हणजे 'महिकावतीची बखर' होय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्या मृत्यूच्या दोनच वर्षे अगोदर, 1924 साली, ती विस्तृत प्रस्तावनेसह छापून प्रसिद्ध केली. पुढे ह्या बखरीवर जे लिहिले गेले त्यातील बहुतेक लेखन दोन प्रश्नांभोवती फिरत राहिले: बिंब राजा नक्की केव्हा आला, आणि 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द रामदासांच्या अगोदर वापरात होता की नाही. हे दोन्ही प्रश्न विद्वानांचे आहेत व त्यांना त्यांचे महत्त्व आहेच. परंतु एखादे गाव, एखादी वस्ती, एखादे उपनगर आपला इतिहास स्वतःच्या तोंडाने कसे सांगते, ह्या दृष्टीने ही बखर कोणी फारशी वाचलेली नाही. तशी ती वाचून पाहावी आणि तिच्याशेजारी गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माहीमचे दैव विलक्षण आहे. बखरीची महिकावती ही राजधानी. प्रथम केळवे-माहीम व नंतर मुंबई बेटावरचे माहीम, अशी तिची दोन स्थाने सांगितली जातात. पोर्तुगीजांनी 1534 साली हा सारा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून मिळविला, तेव्हाही माहीम हे मुंबईहून वेगळे व महत्त्वाचे ठाणे होते. पुढे 1661 च्या विवाहाच्या तहाने मुंबई इंग्रजांकडे जायची ठरली व 1665 साली प्रत्यक्ष ताबा देण्याची वेळ आली, तेव्हा माहीम हे मुंबईत मोडते की नाही ह्यावरच वाद माजला. माहीम स्वतंत्र आहे असे पोर्तुगीजांचे म्हणणे होते. इंग्रजांनी ते मानले नाही. जी एकेकाळी राजधानी होती ती अशा रीतीने दुसऱ्या शहराची कड झाली. आज सरकारी वाटणीत मुंबई उपनगर जिल्हा माहीमच्या खाडीपलीकडे वांद्र्यापासून सुरू होतो; माहीम शहरात मोडते. पण नकाशा काही म्हणो, कोटातून व काळबादेवीतून पाहणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील माणसाला माहीम म्हणजे नारळीपोफळींत दडलेले, मिठागरांपलीकडचे, भंडाऱ्यांचे व कोळ्यांचे दूरचे गाव होते. राजधानी, उपनगर आणि पुन्हा शहराचा मध्यभाग, असा प्रवास केलेले स्थळ ह्या किनाऱ्यावर दुसरे क्वचितच सापडेल.

आता बखरीकडे वळू. ती एकहाती रचना नाही. तीत सहा प्रकरणे असून ती वेगवेगळ्या काळी रचली गेली. काही भाग पद्यात आहे, काही गद्यात. त्यातील जुना गाभा केशवाचार्याचा, शके 1370 च्या म्हणजे इ. स. 1448 च्या सुमाराचा. ह्या गाभ्याच्या जन्माची कथा बखरच सांगते. मालाडचा देसला नायकोराव ह्याला देवीचा दृष्टांत झाला, त्याने केशवाचार्याला पुढे करून लोक जमविले, आणि कोण कोणत्या कुळाचा, कोणाचे गोत्र कोणते, कोणाची कुलदेवता कोणती, कोणाचे वतन कोठे, ह्याची उजळणी झाली. मालाड हे आज लोकलगाड्यांचे एक गजबजलेले स्थानक आहे. तेथून रोज कामाला जाणाऱ्या लाखो माणसांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की त्यांच्या उपनगराने साडेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत आपला इतिहास लिहवून घेतला होता?

इतिहास म्हणून ह्या बखरीचे दोष उघड आहेत. बिंबाच्या आगमनाचाच शक घ्या. बखरीतल्या शकाप्रमाणे प्रतापबिंब इ. स. 1138 च्या सुमारास येतो. दुसरी परंपरा ह्याच बिंबाला देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा पुत्र मानते, आणि मग तो तेराव्या शतकाच्या अखेरीस, देवगिरीवर अल्लाउद्दिनाची धाड आल्यानंतर, कोकणात उतरतो. दोहोंत दीडशे वर्षांचे अंतर पडते. हे अंतर मिटविण्यासाठी दोन बिंब मानावेत की एक, ह्यावर बरीच शाई खर्च झाली आहे. माझ्या अल्प मतीप्रमाणे बखरकाराला ह्या अंतराची फिकीरच नव्हती. त्याच्या लेखी शक हा दस्तऐवजावरच्या तारखेसारखा आहे. दस्तऐवजाला तारीख लागते म्हणून ती घातली जाते, परंतु दस्तऐवज काही तारखेसाठी लिहिला जात नाही. तो लिहिला जातो आतल्या मजकुरासाठी, आणि आतला मजकूर आहे कुळांचा. बिंबाबरोबर आलेली 66 कुळे, त्यांत सोमवंशी कोण, सूर्यवंशी कोण, शेषवंशी कोण, कोणाला कोणते गाव मिळाले आणि कोणाचा मान कोणाच्या अगोदर: येथे बखरकाराची लेखणी थकत नाही. लढायांची वर्णने तो ठोकळ्यांनी उरकतो. कुळांच्या यादीशी आला की तो सावकाश, जपून, एकही नाव न गाळता चालतो. वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता हीच बखरीची खरी शैली आहे. जिथे लेखक रेंगाळतो तेथे त्याचा जीव असतो हे आपण काव्याच्या वाचनात मान्य करतो. मग बखरीच्या वाचनात का करू नये?

तेव्हा हा माहीमचा इतिहास नव्हे, माहीमकरांच्या हक्कांची नोंद आहे. ही उणीव आहे असे मला वाटत नाही. 1448 साली माहीम गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली होते. त्याआधी अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार ह्याने माहीम बळकावले होते आणि गुजरातच्या शाहजाद्याने ते परत घेतले होते. दोन सुलतान एका बेटासाठी झुंजत आहेत, आपले वतन उद्या कोणाच्या दप्तरात जाईल ह्याचा भरवसा नाही, अशा वेळी गावकऱ्यांनी एकत्र बसून आपण कोण हे लिहून काढले. 'महाराष्ट्रधर्म' ह्या शब्दाला त्या सभेत जो अर्थ असेल तो असो. सभेचा व्यवहार मात्र वतनदारांच्या पंचायतीचा होता.

राजवाड्यांची प्रस्तावना हा स्वतंत्र ग्रंथच म्हणावा लागेल. तीत त्यांनी एक मोठा सिद्धांत मांडला आहे. ह्या किनाऱ्यावर एकामागून एक राजवटी आल्या आणि गेल्या, पण सामान्य लोक त्यांविषयी उदासीन राहिले. अन्न सहज मिळत असल्यामुळे राज्यसंस्थेशी त्यांना कर्तव्यच उरले नव्हते, असे त्याचे थोडक्यात तात्पर्य आहे. राजवाड्यांची तडफ, त्यांची निर्भीडता आणि त्यांचा व्यासंग ह्यांपुढे मान लवते; तरीही हा सिद्धांत ज्या बखरीच्या प्रस्तावनेत मांडला आहे त्याच बखरीने तो खोटा ठरतो, असे मला नम्रपणे वाटते. राजा कोण ह्याविषयी मालाडचे लोक उदासीन असतील. पण आपले गाव कोणाचे ह्याविषयी ते मुळीच उदासीन नव्हते. राजवाड्यांनी राज्यनिष्ठेचा गज घेऊन लोकांना मोजले. लोकांची निष्ठा दुसऱ्या मापाची होती: बांध, विहीर, देवळातला पहिला नारळ, लग्नातला पहिला विडा. ते माप लावले की उदासीनता दिसत नाही. उलट हट्ट दिसतो.

परंतु राजवाड्यांचे एक ऋण येथे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. बखरीला जे दिसले नाही ते त्यांनी प्रस्तावनेत शोधले. 66 कुळांच्या अगोदर ह्या भूमीवर कोण होते? कातकरी, वारली, कोळी, ठाकर, दुबळे ह्यांचा क्रम लावण्याचा त्यांनी प्रयत्न केला. त्यांच्या व्युत्पत्ती पुष्कळदा पटत नाहीत, आणि 'वारली' ह्या नावाचा त्यांनी लावलेला माग आजचा भाषाशास्त्रज्ञ स्वीकारील असे नाही. तरी प्रश्न विचारला तो त्यांनीच. बखरीच्या दृष्टीने बिंब आला तेव्हा ते बेट बरड होते, म्हणजे ओसाड होते. आता ज्या किनाऱ्यावर कोळ्यांची जाळी वाळत होती तो किनारा ओसाड कसा? ज्याच्या नावावर वतन नाही तो बखरीच्या लेखी तेथे नाहीच. हक्काची नोंद करणाऱ्या लेखनाची ही अटळ आंधळी बाजू आहे, आणि तिचा विसर पडला की अशी नोंद वाचणारा वाचकही आंधळा होतो.

ह्या आंधळेपणाचा आणखी एक दाखला माहीममध्येच आहे, आणि तो मला फार दिवस बेचैन करीत आला आहे. मखदूम अली माहिमी ह्यांचा जन्म 1372 चा व मृत्यू 1431 चा. ह्याच माहीमचे ते रहिवासी. धर्मशास्त्राचे व सूफी विचाराचे मोठे पंडित. कुराणावर त्यांनी अरबीत लिहिलेले भाष्य हिंदुस्थानाबाहेरही मान्यता पावले. त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या सतरा वर्षांनी केशवाचार्याची बखर आकार घेते. एकाच किनारपट्टीवर, एकाच पिढीच्या अंतराने, एक पंडित अरबीत परमेश्वराच्या वचनाचा अर्थ लावतो आहे आणि दुसरा मराठीत गावकीच्या वचनांचा. एकाच्या लेखनात दुसऱ्याचा मागमूस नाही. बखरीत मुसलमान येतात ते राज्य बुडविणारे म्हणूनच. शेजारी म्हणून नाहीत. आणि तरीही माहीमच्या लोकजीवनाने जे केले ते दोन्ही पंडितांच्या पोथ्यांत नाही: मखदूमसाहेबांच्या उरुसात मानाची चादर मुंबई पोलिसांकडून चढते, शीतलादेवीच्या देवळात कोळणी ओटी भरतात, आणि दर बुधवारी सेंट मायकेलच्या चर्चमध्ये नोव्हेनासाठी येणाऱ्या गर्दीत मेणबत्त्या लावणारे सगळेच ख्रिस्ती नसतात. वतनाच्या यादीत न मावणारे हे शेजारपण लिहायला वेगळा लेखक हवा होता.

असा लेखक, निदान त्याची सुरुवात, मराठीला 1863 साली मिळाली. गोविंद नारायण माडगांवकर (1815-1865) हे व्यवसायाने शिक्षक होते, ही गोष्ट मी थोड्या अभिमानानेच नमूद करतो. 'मुंबईचे वर्णन' हे त्यांचे पुस्तक म्हणजे एका शहराचे मराठीतले पहिले समग्र चरित्र. त्यांच्या आयुष्यात मुंबई डोळ्यांदेखत बदलली. 1845 साली जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या पत्नी आवाबाई ह्यांच्या देणगीतून माहीम आणि वांद्रे ह्यांना जोडणारा रस्ता खाडीवर झाला. त्याआधी होडीशिवाय गत्यंतर नव्हते. 1853 साली पहिली आगगाडी ठाण्याला गेली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला तो काळ तर पुस्तक लिहिले जात असतानाचाच. माडगांवकर ह्या सगळ्याकडे एका शिक्षकाच्या कुतूहलाने पाहतात. बंदर, टांकसाळ, बाजार, देवळे, शाळा, नाना जातींचे पोशाख व पोटापाण्याचे धंदे, काही त्यांना वर्ज्य नाही. कोणाचा हक्क काय हे ते विचारीत नाहीत. कोण काय करतो हे विचारतात. बखरकार सभेत बसून लिहितो, माडगांवकर रस्त्यावर उभे राहून लिहितात. न. र. फाटक ह्यांनी 1961 साली ह्या ग्रंथाची नवी आवृत्ती संपादित केली नसती, तर आमच्या पिढीच्या शिक्षकांना तो पाहायलाही मिळाला नसता.

मात्र माडगांवकरांचीही एक मर्यादा आहे. त्यांचे पाय जिथपर्यंत सहज जातात तिथपर्यंत त्यांची मुंबई दाट आहे. पुढे ती विरळ होत जाते. कोट आणि बाहेरकोट हा त्यांचा जीव. माहीमकडे पाहताना त्यांच्यातला शहरी माणूस जागा होतो. हा दोष त्यांचा एकट्याचा नाही, पुढे 1889 साली निघालेल्या शिंगणे व आचार्य ह्यांच्या 'मुंबईचा वृत्तांत' ह्या ग्रंथाचाही कल तोच. उपनगर हे मुळात दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेने ठरत असते. जो मध्यभागी उभा राहतो त्याला कड दिसते. बखरकाराला माहीम कड वाटले नाही, कारण तो तेथेच उभा होता. पण त्याला शेजारी दिसले नाहीत. माडगांवकरांना शेजारी दिसले, पण माहीम लांब पडले.

पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1864 च्या नोव्हेंबरात, गुजरातकडून येणारी आगगाडी ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. आमच्या सिल्वासाकरांचे वापी स्थानक ह्याच मार्गावरचे; त्यामुळे मुंबईला जाताना खाडी ओलांडली की माहीम लागते, हे येथल्या मुलांनाही पाठ असते. त्या रुळांनी माहीमचे जे केले ते सुलतानांना व पोर्तुगीजांना जमले नव्हते. नंतर 1896 साली प्लेग आला. 1898 साली सुधारणा मंडळ स्थापन झाले. दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या गेल्या, नारळीच्या बागा तुटल्या, ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांचे झाड गेले आणि धंदाही गेला. 1925 साली माहीम पार्क ह्या नावाने एक मैदान खुले झाले. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक वर्षी, त्याचे शिवाजी पार्क झाले. नाव बदलले ते चांगलेच झाले, ह्याविषयी दुमत नसावे. पण त्याबरोबर 'माहीम' हा शब्द तेथून हळूच उचलला गेला, इकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ह्या मैदानाभोवती जो मराठी मध्यमवर्ग वसला त्याने नाटके लिहिली, वृत्तपत्रे चालविली, चळवळी लढविल्या. त्याच्या आठवणींची पुस्तके आणि सोसायट्यांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मी मिळतील तितक्या वाचल्या आहेत. बहुतेकांचा आरंभ एकच: आम्ही येथे राहायला आलो तेव्हा सगळीकडे मोकळे रान होते. केशवाचार्याचे बरड बेट पुन्हा आलेच की! रान मोकळे होते, मग त्या रानातल्या बागा कोणाच्या होत्या? इमारतीच्या जागेवर आधी कोणाची विहीर होती? ह्या स्मरणिकांनी बखरीकडून ओसाड बेटाची कल्पना तेवढी घेतली आणि माडगांवकरांकडून नव्या शहराचे कौतुक तेवढे घेतले. बखरीची चिकाटीने नावे लिहिण्याची सवय घेतली नाही, आणि माडगांवकरांची परक्याच्या दारापर्यंत चालत जाण्याची सवयही घेतली नाही.

हे सारे लिहायला प्रवृत्त होण्यास एक कारण घडले, ते सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी 'आमच्या गावाचा इतिहास' हा निबंधाचा विषय दिला. येथल्या मुलांना इतिहास म्हणजे काय हे पक्के माहीत असते. 1783 साली मराठ्यांकडून नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले, 1961 साली प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला, 2020 साली दमण व दीव ह्यांच्याशी जोडला गेला. चाळीस वह्यांत हीच चार वर्षे होती, काहींत कारखान्यांची भर होती. एका वारली मुलीच्या वहीत मात्र एकही साल नव्हते. तिचा आजा ज्या पाड्यावर वाढला तो मधुबन धरणाच्या पाण्याखाली गेला आहे. तिने लिहिले होते ते असे: पाड्यावर मोहाची झाडे किती होती व प्रत्येक झाडाची फुले कोणत्या घराने वेचायची, लग्न लावायला धवलेरी कोणत्या घरातून यायची, वाघदेवाला पहिला मान कोणाचा, पाण्याला जायची वाट कोणाच्या शेतातून जायची आणि त्याबद्दल त्याला काय द्यायचे. झाडांची संख्या, घरांची नावे, सगळे क्रमाने. शेवटी एक वाक्य होते, की आता तेथे पाणी आहे.

मी तिला दहांपैकी चार गुण दिले. सनावळी नाही, असा लाल शाईत शेराही मारला.

गेल्या पावसाळ्यात महिकावतीची बखर पुन्हा वाचताना, कुळांच्या यादीशी मी थबकलो आणि ती वही मला आठवली. मोह, धवलेरी, वाघदेव, वाट. गोत्र, कुलदेवता, वतन, मान. मांडणीचा सांगाडा तोच होता. मालाडच्या सभेने जे केले तेच ह्या मुलीने एकटीने, आजाला विचारून, केले होते. फरक एवढाच की बखरीत ज्यांना स्थान मिळाले नव्हते त्यांच्यापैकी ती एक होती, आणि तिच्या वतनाला दप्तर नव्हते. राजवाड्यांनी तिच्या पूर्वजांच्या नावाची व्युत्पत्ती शोधली. त्यांची झाडे मोजायला ते येथवर येऊ शकले नाहीत.

मुलगी आता अकरावीत, दुसऱ्या शाळेत आहे. तिच्या घरी निरोप पाठवून वही मागविली, ती मिळाली. शेरा खोडला आहे. आजा अद्याप हयात आहे आणि त्याला आणखी दोन पाड्यांची झाडे तोंडपाठ आहेत असे कळते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे जाऊन ती उतरवून घ्यायची असे आम्ही तिघा शिक्षकांनी ठरविले आहे.